आजी मेरेवर बोलत का नाही

प्रिय चिऊ,

रविवारी फोनवर तू विचारलंस, ‘बाबा, आजी दिवसभर बोलत असते, पण संध्याकाळी शेतावर फिरताना एक शब्द काढत नाही. मी काही विचारलं की तोंडावर बोट ठेवते. आपल्यात तिन्हीसांजेला बोलायचं नसतं का?’ तेव्हा आवाज तुटत होता, म्हणून सविस्तर लिहितो.

असा काही नियम नाही. तिन्हीसांजेचे नियम वेगळे आहेत, आणि इतक्या दिवसांत ते तुला कळलेही असतील. दिवे लागल्यावर केर काढायचा नाही, त्या वेळी झोपायचं नाही, तुळशीपुढे दिवा लावून शुभंकरोति म्हणायची. घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, गप्प राहणं मात्र आजीचं स्वतःचं आहे, आणि ते पाण्यासाठी आहे.

सप्टेंबरात भात निसवतं, म्हणजे कणसं बाहेर पडतात, आणि दाण्यात दूध भरू लागतं. एक कोवळा दाणा नखाने चेपून बघ, पांढरा थेंब बाहेर येईल. नेमकं याच दिवसांत कुणग्यात, म्हणजे मेरांमधल्या शेताच्या तुकड्यात, पाणी राहायला हवं, आणि नेमका याच दिवसांत पाऊस हात आखडता घेतो. त्यात खेकडे मेर पोखरतात. भोक डोळ्यांना दिसत नाही, गवत गुडघाभर वाढलेलं असतं. पण ते ऐकू येतं. वरच्या कुणग्यातलं पाणी खालच्या कुणग्यात बारीक झिरपत राहतं, मडकं गळावं तसं. दिवसा तो आवाज माणसांत आणि गाड्यांत हरवून जातो. संध्याकाळी वारा पडला की आजीला तो दहा पावलांवरून कळतो. मग ती वाकते, मूठभर चिखल घेते, भोक बुजवते आणि पायाने दाबते. तू हे पाहिलंच असशील.

मी पाचवीत असताना पावसाने ओढ दिली होती. एका संध्याकाळी मी शाळेतल्या क्रिकेटच्या सामन्याची गोष्ट सांगत तिच्या मागून चाललो होतो. तिने दोनदा मागे वळून पाहिलं, तरी मी थांबलो नाही. पुढचे चार दिवस चवथीचे, गणपतीचे. कोणी गणपतीवर बांधायच्या माटोळीची फळं-पानं आणायला रानात, कोणी बाजाराला. पंचमीला पूजेसाठी नव्याची, म्हणजे नव्या भाताची, कणसं आणायला गेलो, तेव्हा वरचा कुणगा कोरडा पडून जमिनीला भेगा गेल्या होत्या. कापणीला त्या कुणग्यात अर्धी कणसं पोचट निघाली. आजी रागावली नाही. दुसऱ्या संध्याकाळी तिने काठी माझ्या हातात दिली आणि मला पुढे घातलं. त्या दिवसापासून मी मेरेवर बोललो नाही.

काठी कशासाठी, तेही सांगतो. दाणा भरला की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. आजी त्याला दिवेलागणीनंतर साप म्हणत नाही, ‘जनावर’ म्हणते. काठी आपटत चाललं की ते बाजूला होतं. कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, बाजूने फांद्या मोडल्याचा आवाज आला, तर गवे उतरलेत असं समजायचं आणि तिथूनच मागे फिरायचं. तेव्हा आजीचा हात सोडू नकोस.

मी इथे अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये, रोज जेवणाआधी शेजारच्या मक्याच्या शेताकडेने चालतो. शेतमालकाने तशी परवानगी दिली आहे. इथे उन्हाळा संपल्याचं आधी उजेडावरून कळतं. सप्टेंबरच्या एका महिन्यात सूर्यास्त जवळजवळ 50 मिनिटांनी अलीकडे येतो. तिकडे गोव्यात, वाळपईला, तोच फरक 20 मिनिटांच्या आसपास असतो, म्हणून तुला तो जाणवणार नाही. दिवस लहान आणि रात्री थंड झाल्या की मेपलच्या पानांतलं हरितद्रव्य विरू लागतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, तो आता उघडा पडतो. लाल मात्र याच दिवसांत नव्याने तयार होतो. हे तुला कधीतरी शेजारी उभं करून दाखवायचं आहे. गारठा वाढेल तशी रातकिड्यांची किरकिर संथ होत जाते. वरून हंसांची रांग ओरडत दक्षिणेकडे जाते. मक्याची पानं वाळली आहेत, वारा आला की कागदासारखी वाजतात. मी इथेही गप्पच चालतो. कान अजून पाण्याकडे लागतात, आणि इथे बुजवायला भोक नसतं. तेव्हा आजीची फार आठवण येते.

लवकरच, कापणीच्या आठ-दहा दिवस आधी, मेर फोडून पाणी मुद्दाम बाहेर सोडतील. त्या संध्याकाळी बोललं तरी चालतं. आजी स्वतःच बोलायला लागते, माझ्या लहानपणी त्या एका वाटेवर ती सगळ्यात जास्त गोष्टी सांगायची. तिला विहीर खणली त्या वर्षाची गोष्ट विचार. मला ती अर्धीच आठवते.

तोवर काठी तू धर. आजीला आता वाकायला त्रास होतो, म्हणून आवाज आला की आधी तू वाक.

तुझा,
बाबा