गृहकर्ज फिटून दोन महिने झाले, बँक मूळ खरेदीखत देत नाही. वकिलाची नोटीस पाठवू का?

नोटीस आत्ता नको. मी स्वतः वकील आहे, त्याआधी एका फायनान्स कंपनीच्या कम्प्लायन्स (नियमपालन) खात्यात होते, तरी हेच सांगेन.

माझे मामा ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झाले. फंडाच्या पैशातून पाथर्डी फाट्याच्या घराचं कर्ज त्यांनी एकरकमी फेडलं. बेबाकी (कर्ज पूर्ण फिटल्याचा) दाखला लगेच मिळाला, खरेदीखत काही मिळेना. शाखेत गेलं की ठरलेलं उत्तर : कागद मुंबईला आहेत, मागवलेत. मामा मान हलवून परत यायचे. मामी धुसफुसायची, कारण घर धाकट्याच्या नावावर करायचं अडलं होतं. मी तेव्हा ज्यांच्या हाताखाली होते, ते कॉलेज रोडचे वकीलसाहेब म्हणाले, "नोटीस ठोक, मग ग्राहक आयोगात केस. बँका कोर्टालाच भितात." यावरून आमचं चांगलंच वाजलं.

मी मामांच्या नावाने साधा अर्ज लिहिला, सही त्यांचीच. त्यात कर्ज फिटल्याची तारीख आणि रिझर्व्ह बँकेचं 13 सप्टेंबर 2023 चं परिपत्रक, एवढंच. पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागद परत करायचे, बोजा (मालमत्तेवरची कर्जाची नोंद) उतरवायचा, आणि उशीर बँकेमुळे झाला तर ग्राहकाला दिवसाला 5,000 रुपये द्यायचे. 1 डिसेंबर 2023 पासून हे बंधनकारक आहे. अर्ज शाखेत देऊन पोच घेतली, तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. ज्या मॅनेजरने मामांना कधी बसा म्हटलं नव्हतं, त्याने स्वतः फोन करून कागद न्यायला बोलावलं. उशिराचे पैसेही जमा झाले. ते खरं तर न मागता मिळायला हवेत, पण तुम्ही अर्जात मागाच.

तुमचाही 30 दिवसांपुढचा प्रत्येक दिवस मोजा. कागद गहाळ झालेत म्हणाले, तर नकला काढायचा खर्च त्यांचा. त्यासाठी मात्र त्यांना आणखी 30 दिवस मिळतात.

अर्जाला 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही. तिथे तुमच्या वतीने वकिलाला तक्रार करताच येत नाही, आणि त्याच कारणावरून आयोगात केस चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही. साहेबांना मी हेच सांगत होते : आधी केस टाकली की अशिलाचा फुकटचा मार्ग बंद होतो आणि आपली फी सुरू होते. ही वकिली मला तेव्हाही मान्य नव्हती, आजही नाही. लोकपालाकडून काही झालं नाही, तर आयोग आहेच. तेव्हा खुशाल वकील करा.

हे सगळं बँकेचं. कर्ज हाऊसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर कागद परतीचा हाच नियम लागू आहे, पण तक्रार नॅशनल हाऊसिंग बँकेकडे जाते. पतसंस्थेचं असेल तर यातलं काहीच लागू नाही. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जावं लागेल. आणि सातबाऱ्यावर बोजा चढवलेला असेल, तर कागदांसोबत बँकेचं बोजा कमी करण्याचं पत्र मागून घ्या आणि तलाठ्याकडे द्या. इतर हक्कातली ती नोंद आपोआप जात नाही.