असा कोणता परदेशी कॉमिक चित्रकार आहे, ज्याची विडंबनं तुम्ही पुन्हा पुन्हा उघडून बघता? आणि त्यात एवढं काय आहे?

बेनितो याकोवित्ती. प्रश्न वाचून व्हायच्या आत हेच नाव मनात आलं.

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग असा एका ओळीत संपला. ‘त्यात एवढं काय आहे’ याला मात्र वेळ लागेल. हा इटालियन चित्रकार मला मनापासून आवडतो आणि त्याच्याबद्दल मराठीत बोलायची संधी मला फारशी मिळत नाही.

मी मूळचा नाशिकचा. पॅकिंगच्या मशीन बनवणाऱ्यांची पंढरी म्हणजे इटलीतलं बोलोन्या शहर, म्हणून नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आलो. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा राहतात. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघरातला गळका नळ बघून द्यायला गेलो होतो. काम झाल्यावर त्यांनी बळंच बसवून घेतलं आणि कॅमोमाईल करून दिलं. शेवंतीसारख्या दिसणाऱ्या बारक्या फुलांचा हा काढा. इथे झोप लागावी, पोट शांत राहावं म्हणून घरोघरी देतात. कप पुढे ठेवताना ते स्वतःशीच हसले, आत गेले आणि बांधणी सुटलेला एक जाडजूड आल्बम घेऊन आले. पानावर कमरेला दोन पिस्तुलं लावलेला एक काउबॉय सलूनच्या, म्हणजे तिकडच्या दारूच्या गुत्त्याच्या, काउंटरपाशी उभा होता, आणि त्याच्या पुढ्यात हाच काढा.

तो कोक्को बिल. याकोवित्तीचा सगळ्यात गाजलेला मानसपुत्र. ‘इल जोर्नो’ या दैनिकाची मुलांसाठी दर गुरुवारी पुरवणी निघायची. तिच्यात २८ मार्च १९५७ ला तो पहिल्यांदा आला. आजोबा तेव्हा शाळकरी होते. गुरुवारी वडील कामावरून येईपर्यंत जिन्यात बसून राहायचो, असं ते सांगतात.

विडंबन समजायला मूळ ठाऊक असावं लागतं. इटलीतल्या त्या पिढीला वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या गोष्टींचा प्रकार, तोंडपाठ होतं. युद्ध संपल्यावर अमेरिकन सिनेमांचा पूर आला होता आणि १९४८ पासून तेक्स नावाचा घरचाच काउबॉय कॉमिक्समध्ये घोडे उधळत होता, तोही पूर्ण गंभीरपणे. अशा वाचकांसमोर याकोवित्तीने एक बंदूकबाज उभा केला. बाकी सगळं नियमाप्रमाणे: रुंद टोपी, अचूक नेम, अन्यायाची चीड. फक्त सलूनमध्ये शिरल्यावर सगळे व्हिस्की मागतात, हा कॅमोमाईल मागतो. काउंटरवरचा कुणीतरी फिदीफिदी हसतो. मग जे होतं, त्यात टेबलं, खुर्च्या, आरसे, दात यातलं काहीच जागेवर राहत नाही. एवढं झाल्यावर कोक्को बिल शांतपणे काढ्याचा घोट घेतो. झोपेचं औषध पिणारा हा माणूस त्या गावात सगळ्यात जास्त भडक डोक्याचा आहे. या एका गोष्टीवर याकोवित्तीने वर्षानुवर्षं गोष्टी रचल्या आणि मला त्या अजून शिळ्या वाटत नाहीत.

दिग्दर्शक सर्जो लेओनेने इटालियन वेस्टर्न सिनेमा जगभर नेला तो १९६४ पासून. कोक्को बिल त्याच्या सात वर्षं आधीचा. म्हणजे इटालियन माणूस काउबॉयच्या टोपीत कसा दिसतो, याचा विचार इथल्या मुलांच्या पुरवणीत आधीच झाला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कोक्को बिलच्या घोड्याचं नाव त्रोत्तालेम्मे. ‘त्रोत्ता’ म्हणजे दुडक्या चालीने जातो आणि ‘लेम्मे लेम्मे’ म्हणजे हळूहळू, रमतगमत. दुडकत जायचं आणि तेही सावकाश! हा घोडा बोलतो, सिगारेट ओढतो आणि मालकाला न विचारता स्वतःची मतं ऐकवतो. बिलचं नावही असंच आहे. कोक्को म्हणजे नारळ, पण आईच्या लाडक्यालाही इथे कोक्को म्हणतात. मी इटालियन शिकलो ते बरंचसं या नावांच्या फोडी करत. शब्दकोश उघडायचा, त्यात अर्ध उत्तर सापडायचं, उरलेलं आजोबांकडून.

आवाजांचंही तसंच. मारामारीच्या चौकटींत आवाज लिहायला इतर चित्रकार अमेरिकन कॉमिक्समधले ठरलेले शब्द उचलायचे. याकोवित्ती सरळ इटालियन शब्दच आवाज म्हणून वापरतो, कधी अख्खा, कधी शेपूट तोडून. आपल्याला याची गंमत लगेच कळते, कारण मराठीत हे भांडार भरलेलं आहे. फाडकन, खाडकन, धपकन, सटकन. कानाखाली बसली की ‘फाडकन’ हा शब्दच ती थप्पड असतो. त्याच्या पानांवर तसंच होतं.

आता चित्राबद्दल, कारण खरा याकोवित्ती तिथे आहे.

त्या पहिल्या संध्याकाळी मी गोष्ट वाचायचा प्रयत्न करत होतो. आजोबांनी माझं बोट धरलं आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. जमिनीवर सलामीचा एक तुकडा पडलेला होता. आपल्याकडच्या वाचकांना सांगायचं तर मसाला घालून वाळवलेल्या मांसाची ती जाड नळकांडी, कापली की गोल चकत्या पडतात. वाळवंटाच्या मधोमध, बंदुका रोखलेल्या दोन माणसांच्या पायाशी, सलामी. शेजारी एक चकती. तिच्यामागे टोपी घातलेला एक किडा, गोळीबाराकडे बघणारा. पुढे एक हाड, एक पेन्सिल, आणि जमिनीतून वर आलेली दोन पावलं, ज्यांचा मालक कोण हे कुणीच सांगत नाही. पुढच्या चौकटीत द्वंद्व पुढे सरकलं होतं आणि किडाही जागा बदलून बसला होता.

मी तेव्हा विचारलं, हे कशासाठी? आजोबा म्हणाले, तू गोष्ट बघत होतास ना, आम्ही लहानपणी आधी हे शोधायचो.

मला त्याच्या विडंबनाचं मर्म इथे सापडतं. वेस्टर्नची सगळी ऐट मोकळ्या जागेवर उभी असते. ओसाड रस्ता, दोन माणसं, मध्ये वारा. याकोवित्ती ती जागा मोकळी सोडतच नाही. नायकाने कितीही छाती काढली तरी त्याच्या बुटापाशी सलामी आहे आणि किडा बघतोय. कुठलाही संवाद न लिहिता नायकाचं नायकपण तिथेच उतरतं. आणि तरीही त्याला काउबॉयचा राग नाही. पिस्तुलाची नळी, घोड्याचं खोगीर, उडणारी धूळ, सगळं तो अतिशय मन लावून काढतो. ज्याला वेस्टर्न आवडत नाही त्याला असं घोड्याचं नाल काढता येणार नाही.

आणखी एक गोष्ट मला थक्क करते. तो आधी पेन्सिलने आखून घेत नसे. थेट शाईने सुरुवात करायचा आणि चौकट भरत जायचा. मी रोज मशीनची ड्रॉइंग बघणारा माणूस आहे. एक रेघ चुकली तर काय होतं ते मला माहीत आहे. एका पानावर शंभर आकृत्या, एकही दुसरीत घुसलेली नाही, आणि खाली पेन्सिलची एक खूण नाही. आजोबांच्या आल्बमवर मी एकदा खरोखरच भिंग धरून बसलो होतो.

थोडं आयुष्याबद्दल. जन्म ९ मार्च १९२३, एड्रियाटिक समुद्राच्या काठावरचं तेर्मोली गाव. वडील रेल्वेत, शिवाय गावात मूकपट दाखवायचंही काम करायचे. पोरगा रस्त्याच्या फरशांवर खडूने चित्रं काढायचा. पुढे फ्लोरेन्सला कलाशाळेत गेल्यावर उंच आणि काटकुळा म्हणून मित्रांनी त्याला ‘माशाचा काटा’ म्हणायला सुरुवात केली. त्याने ते नाव सहीत घेतलं. त्याच्या चित्रांवर सहीजवळ माशाच्या सांगाड्याची एक छोटी खूण दिसते, ती हीच. १९४० पासून ‘इल वित्तोरियोसो’ या कॅथलिक साप्ताहिकात तो नियमित काढू लागला, तेव्हा वय अवघं सतरा.

त्याच साप्ताहिकात चिपच्या गोष्टी यायच्या. वेस्टर्नचं जे कोक्को बिलने केलं ते हेरकथांचं चिपने केलं. चिप हा महागुप्तहेर, त्याचा मदतनीस गाल्लिना, म्हणजे कोंबडी, आणि सोबत आखूड पायांचा लांबलचक कुत्रा, नाव किलोमेत्रो. गुन्हेगार झागार वेषांतरात असा पटाईत की पानावर दिसणारी कुठलीही व्यक्ती झागार निघू शकते. हेरकथा वाचताना आपण सगळ्यांवर संशय घेतो, ती आपली सवयच याकोवित्तीने पकडली आहे. मला विचाराल तर रचनेच्या दृष्टीने चिप हा कोक्को बिलपेक्षाही सरस आहे, पण हे आजोबांना पटत नाही आणि त्यावरून आमचा वाद अजून चालू आहे.

मुखवटा घालणारा तलवारबहाद्दर झोरो, त्याचं विडंबन म्हणजे झोर्री किड, ते १९६८ पासून ‘कोरिएरे देई पिक्कोली’ या मुलांच्या साप्ताहिकात. जादूगार मँड्रेकचा त्याने मांद्रागो केला. गुंडांच्या सिनेमांवरून याक मांदोलिनो आला, ज्याची एकही चोरी धड पार पडत नाही. सगळंच सारखं उतरलेलं नाही. झोर्री किडमध्ये मला काही ठिकाणी तोच तो खेळ पुन्हा होतोय असं वाटतं. १९७७ मध्ये त्याने प्रौढांसाठी ‘कामासुल्त्रा’ काढलं, नावावरून विषय कळेलच. ते मी एकदा चाळलं आणि परत उघडलं नाही. त्याच्या रेषेतलं शाळकरी पोराचं कुतूहल मला त्यात सापडलं नाही.

त्याउलट त्याची गर्दीची पूर्ण पानं. समुद्रकिनारा, फुटबॉलचं मैदान, जत्रा असं काहीतरी, आणि शेकडो माणसं एकाच वेळी काहीतरी करताहेत. तुम्ही कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमधल्या भिंती पाहिल्या असतील तर मारियो मिरांडाच्या गर्दीशी तुमची ओळख आहे. मारियोच्या गर्दीतला प्रत्येक माणूस आपण कुठेतरी भेटलेला वाटतो. याकोवित्तीच्या गर्दीत माणसांइतक्याच जिवंत वस्तू आहेत. नाकाला पाय फुटलेत, झाड रागावलंय, सलामी निवांत पडलीय. मला दोन्ही प्रिय आहेत, पण याकोवित्तीचं पान बघून झालं असं मला आजवर एकदाही म्हणता आलेलं नाही.

१९४९ पासून तीसेक वर्षं त्याच्या चित्रांच्या शाळकरी डायऱ्या निघत होत्या, ‘वित्त’ नावाच्या. गृहपाठ लिहायच्या वहीत कडेकडेने त्याची माणसं पळत असायची. आजोबांकडे त्यातली एक आहे. एका पानावर गणिताच्या गृहपाठाचा आकडा लिहिलाय आणि त्या आकड्याला त्यांनी स्वतः, निळ्या शाईने, टोपी घातलेला एक किडा चिकटवून दिलाय. दहा वर्षांच्या मुलाने काढलेला, वाकडा. मास्तरांनी शेजारी लाल रेघ मारली आहे. ती डायरी ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, टॉवेलांच्या कप्प्यात ठेवतात.

याकोवित्ती ३ डिसेंबर १९९७ ला रोममध्ये गेला. त्याच दिवशी, काही तासांनी, त्याची पत्नीही गेली. ही गोष्ट आजोबांनी मला दोनदा सांगितली आहे, दोन्ही वेळा चष्मा पुसत.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर कोक्को बिलपासून करा. इटालियन येत नसलं तरी बिघडत नाही. पहिल्यांदा फक्त मारामारी बघा, गोष्ट आपोआप कळते. दुसऱ्यांदा नायकाकडे बघूच नका, जमिनीवर बघा. तिसऱ्यांदा एखाद्या किड्याला पकडा आणि चौकटीमागून चौकट त्याच्याच मागे जा. छापील आल्बम मिळाला तर उत्तम, कारण मोबाईलच्या पडद्यावर कोपरे हरवतात. आणि एक विनंती. बघून झालं की तुम्हाला किती सलाम्या सापडल्या ते इथे खाली लिहा. आजोबांना मी वाचून दाखवीन.