प्रश्नोत्तरे : कुत्र्याचं ऑपरेशन ठरलंय, आता?

या वेळी आलेल्या पत्रांत म्हशी कमी आणि कुत्री जास्त आहेत. पाचही पत्रं ऑपरेशनचीच. काही कापून-छाटून इथं देतोय.

प्रश्न (वडगाव, बेळगाव) : आमची स्पिट्झ ९ वर्षांची आहे. दीड महिन्यापूर्वी माजावर येऊन गेली. आता आठ दिवस झाले, भांडंभर पाणी पिते, खाणं सोडलंय, दोनदा उलटी झाली. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि गर्भपिशवीत पू झालाय, उद्याच काढायला पाहिजे म्हणाले. शेजारचे म्हणतात, या वयात भूल सोसणार नाही. घरात गणपती बसणार, पाहुणे येणार. गणपती झाल्यावर केलं तर चालेल काय?

उत्तर : हे पत्र हातात पडलं त्याच दुपारी ताईंना फोन करून सांगितलं, उद्या म्हणजे उद्याच. इथं लिहितोय ते बाकीच्यांसाठी.

माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत, वय झालेल्या आणि पिशवी न काढलेल्या कुत्रीनं अचानक पाण्याचा सपाटा लावला, की मनात पहिली शंका हीच यायला हवी. खालून घाण वास येणारा स्राव दिसला तर घरच्यांना निदान कळतं तरी. पण पिशवीचं तोंड बंद असलं तर बाहेर थेंबही येत नाही, सगळं आत साचत राहतं, आणि तीच जात जास्त वाईट. पिशवी फुटली तर पू पोटभर पसरतो. न फुटताही त्याचं विष रक्तात उतरून मूत्रपिंडं थकवतं. जास्तीची तहान असते ती त्याचीच. निरोगी कुत्रीच्या पिशवीचा फाटा शिसपेन्सिलीएवढा असतो. पू भरल्यावर तोच माझ्या मनगटाएवढा झालेला मी टेबलावर ठेवून घरच्यांना दाखवलाय. नुसत्या गोळ्यांवर चार दिवस बरं वाटतं, तेवढंच.

आता वयाचं. वय हा काही रोग नव्हे. भूल सोसेल की नाही हे जन्मतारखेपेक्षा मूत्रपिंडं, यकृत आणि हृदय यांवर ठरतं. म्हणून आधी रक्त तपासायचं. पेशी, प्लेटलेट, मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिॲटिनिन, साखर एवढं तर हवंच, आणि या वयात छातीला स्टेथोस्कोप लावून डॉक्टरांनी नीट वेळ घेऊन ऐकायला हवं. ऑपरेशनच्या आधी काही तास सलाईन आणि अँटिबायोटिक देऊन तिला सावरून घेतात. या उशिराला अर्थ आहे. पाहुण्यांसाठी केलेल्या उशिराला नाही.

शेजाऱ्यांचं एक मात्र खरं, आजारी जनावराला भुलीचा धोका जास्त असतो. म्हणून ज्यांच्या घरी दोन-तीन वर्षांची मादी आहे आणि पिल्लं नको आहेत, त्यांनी हीच पिशवी ती धडधाकट असताना काढून घ्यावी.

प्रश्न (निपाणी) : आमच्या ५ वर्षांच्या लॅब्राडॉरचं मागच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय. बेळगावात एक डॉक्टर करतो म्हणाले, कोल्हापुरात दुसरे, त्यांचा खर्च जवळजवळ दुप्पट. मेहुणे म्हणतात, शिरवळच्या पशुवैद्यक कॉलेजला न्या, नाहीतर सरळ पुण्याला. रात्रभर झोप नाही. भरवसा कुणावर ठेवायचा?

उत्तर : पहिली गोष्ट, तुमच्यापाशी वेळ आहे. वडगावच्या ताईंपाशी नव्हता. दोन-तीन आठवड्यांनी बिघडेल असं या गुडघ्याचं काही नसतं. तोवर जिना बंद, उड्या बंद, फिरणं फक्त दोरीनं आणि लघवी-शी पुरतं. आणि खरं सांगू, त्याचं वजन. फोटोत त्याची कंबर कुठाय ते मला सापडलं नाही. वजन उतरवलंत तर उरलेला गुडघाही वाचेल, कारण अशा कुत्र्यांत पुढेमागे दुसराही तुटतो.

गावं मोजत बसू नका, डॉक्टरांना प्रश्न विचारा. पदवी आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो, तो बघण्यात संकोच कसला? बैलाला इंजेक्शन देणाऱ्यालाही आपल्याकडं 'डॉक्टर'च म्हणतात, म्हणून सांगतो. पशुवैद्यकाची पदवी आणि राज्याच्या पशुवैद्यक परिषदेची नोंदणी, एवढं असल्याशिवाय सुरीला हात लावू द्यायचा नाही. त्यावर शस्त्रक्रियेची पदव्युत्तर पदवी असेल तर हाडाच्या कामाला बरंच. मग विचारा, एवढ्या वजनाच्या कुत्र्याचा गुडघा गेल्या वर्षभरात किती वेळा केलात, आणि कोणत्या पद्धतीनं? छोट्या कुत्र्याला सांध्याबाहेरून जाड नायलॉनचा दोरा ओवून भागतं. तुमच्यासारख्या जड कुत्र्यात पुष्कळ सर्जन हाड कापून, त्याचा उतार बदलून प्लेट लावतात. त्याला वेगळी करवत, वेगळ्या प्लेटा आणि सराव लागतो. दुप्पट खर्च यामुळे आहे की नुसत्या काचेच्या दारामुळे, ते या एका प्रश्नात कळेल.

पण माझा सगळ्यांत आवडता प्रश्न वेगळा आहे. "डॉक्टर, तुमचे हात कामात असताना त्याच्या श्वासाकडं कोण बघणार? आणि ऑपरेशन झाल्यावर तो जागा होईपर्यंत जवळ कोण बसणार?"

हा प्रश्न मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. नोकरीची पहिली वर्षं, एक तालुक्याचं गाव, गुरांचा दवाखाना, मी आणि एक शिपाई. एका कुत्रीच्या पोटातली गाठ काढली. टाके नीटनेटके पडले, हात धुतले, बाहेर बाकावर बसून चहा घेतला. शिपाई चिठ्ठ्या फाडत होता. पंधरा मिनिटांनी आत गेलो तर तिनं अर्धवट शुद्धीत उलटी केलेली, ती श्वासनळीत गेलेली. जीभ निळी. बाहेर तिचा मालक, म्हातारा शेतकरी, मोकळी दोरी हातात धरून उभा होता. सुरीनं माझ्याकडून काही चुकलं नव्हतं. चुकला तो चहा.

पुढं वाचलं तेव्हा कळलं, हे एकट्या माझं नव्हतं. २००८ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या भुलीची नोंद होती. निरोगी कुत्र्यांत साधारण १,८५० मागे एक दगावलं, आजारी कुत्र्यांत ७५ मागे एक. त्यातही जवळजवळ निम्मे मृत्यू ऑपरेशन संपल्यानंतरचे, आणि त्यांतले निम्मे पहिल्या तीन तासांतले. तिकडची यंत्रं वेगळी, माणसं जास्त, म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नका. पण पहिल्या तीन तासांचं तेवढं लावून घ्या.

तेव्हा ज्या डॉक्टरांकडं भुलीचा गॅस आहे, श्वासनळीत नळी घालतात, जिभेला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात आणि ते सगळं बघायला दुसरा शिकलेला माणूस आहे, ते डॉक्टर. मग ते बेळगावात असोत नाहीतर कोल्हापुरात. प्रश्न विचारल्यावर जे चिडतात त्यांच्याकडं मी माझं मांजरही नेणार नाही.

अंतराचाही हिशेब धरा. टाके १० ते १४ दिवसांनी, दीड-दोन महिन्यांनी एक्सरे, मधे काही बिघडलं तर आणखी एक फेरी. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव ७५च्या आसपास, शिरवळ म्हणजे अख्खा दिवस. संमतीचा कागद इंग्रजीत असतो, डॉक्टर कन्नड बोलतात, तुम्ही मराठी. कुत्र्याला सीमावाद ठाऊक नसला तरी सही तुमची असते. समजेल त्या भाषेत वाचून मागा, विशेषतः खर्च वाढला तर कोण ठरवणार आणि रात्री काही झालं तर कोणता फोन उचलला जाईल, या दोन ओळी.

प्रश्न (रायबाग) : कारवान जातीचा कुत्रा, ३ वर्षांचा. उसाच्या ट्रॅक्टरची ट्रॉली लागून काल मागची मांडी मोडली. डॉक्टर म्हणतात, रॉड परवा घालू. आम्हाला वाटतं ते टाळाटाळ करतायत. भूल देताना या जातीला काही होतं म्हणतात ते खरं काय?

उत्तर : टाळाटाळ नव्हे, ते शहाणे आहेत. मांडी मोडण्याएवढा तडाखा बसलेल्या कुत्र्याच्या छातीत हवा साचलेली असू शकते, मूत्राशय फाटलेलं असू शकतं. आधी छातीचा एक्सरे, सलाईन, दुखणं कमी करणारं इंजेक्शन, आणि तो लघवी करतोय की नाही यावर नजर. हाड दोन दिवस थांबतं. जखम उघडी असली तर मात्र ती धुणं लगेच.

दुसरी गोष्ट खरी आहे, आणि तुमच्या भागात कारवान, म्हणजे ज्याला बाहेर मुधोळ हाउंड म्हणतात, घरोघरी असल्यानं नीट सांगतो. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ, पळणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या अंगात चरबी नावाला असते आणि थायोपेंटोन हे जुनं भुलीचं औषध त्यांचं यकृत फार सावकाश मोडतं. इतर कुत्री तासाभरात उठून बसतात, ही कितीतरी तास झिंगत पडतात. मुधोळचा बांधा तोच, म्हणून मी त्यांना ते औषध कधी देत नाही. तुम्ही डॉक्टरांना एवढंच म्हणा, "कारवान आहे, थायोपेंटोन सोडून दुसरं द्याल ना?" चरबी नसल्यानं ही कुत्री टेबलावर गारही लवकर पडतात. घरनं एक जुनी गोधडी न्या. गरम पाण्याची बाटली ठेवायची तर टॉवेलात गुंडाळून, उघडी नाही. भूल उतरलेली नसताना चटका बसला तर कुत्रं ओरडत नाही, दोन दिवसांनी कातडी सुटते तेव्हा कळतं.

या जातीवर २००५ साली टपाल तिकीट निघालं, त्याचा अभिमान आहेच. ऊस उतरेपर्यंत त्याला बांधून ठेवायचं तेवढं बघा.

प्रश्न (खानापूर) : शेतावरचा मोती, मोकळा फिरतो. दोन महिने झाले, लघवीच्या जागेतून रक्त थेंब थेंब पडतं. आत फुलकोबीसारखं मांस वाढलंय. एकानं कॅन्सर आहे, कापून टाकू म्हणून सांगितलं. घरात सगळी रडायला लागलीत.

उत्तर : रडणं थांबवा आणि कापणंही. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यात असं मांस दिसलं तर बहुधा तो समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडं जाणारा ट्यूमर असतो. आधी काचपट्टीवर त्याचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. दहा मिनिटांचं काम. तोच निघाला तर व्हिन्क्रिस्टीन नावाचं औषध आठवड्यातून एकदा शिरेतून देतात, साधारण चार ते सहा वेळा, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. कापलं तर पुष्कळदा पुन्हा वाढतं.

औषध कडक आहे. शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी जळते, म्हणून सराव असलेल्याकडूनच घ्या. दर वेळी आधी पांढऱ्या पेशी मोजायच्या. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस त्याची लघवी-शी हातमोजे घालून उचलायची, गरोदर बाईनं तर नाहीच. खानापूरकडचं रान आणि पाऊस म्हणजे गोचीडही आलीच. त्याच रक्तात गोचिडाच्या तापाचीही तपासणी करून घ्या. त्या तापात प्लेटलेट पडतात, आणि प्लेटलेट पडलेल्या कुत्र्याच्या साध्या जखमेचं रक्तही थांबत नाही. हे ऑपरेशन ठरलेल्या प्रत्येक कुत्र्याला लागू आहे.

प्रश्न (टिळकवाडी) : शनिवारी आमच्या चंपीच्या स्तनातली गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणाले, "ऊटा कोडब्याडरी", म्हणजे जेवण देऊ नका. पाणी द्यायचं की नाही ते विचारायचं राहिलं. घरी आणल्यावर दुखायला लागलं तर अर्धी क्रोसिन चालेल काय?

उत्तर : क्रोसिन नाही, ब्रुफेन नाही, कॉम्बिफ्लॅम नाही, आजोबांच्या गुडघ्याची गोळी तर मुळीच नाही. माणसांच्या या गोळ्यांनी कुत्र्यांची यकृतं आणि मूत्रपिंडं गेलेली मी पाहिलीत. दुखण्याचं औषध डॉक्टरांकडूनच, वजनाच्या हिशेबानं, आणि ते घरी न्यायला दिल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका. काढलेली गाठ तपासणीला पाठवायला सांगा. स्तनातल्या अशा गाठींत निम्म्याच्या आसपास वाईट निघतात, आणि हाताला लागून ते कळत नाही.

उपास सहा ते आठ तासांचा. पाणी सकाळपर्यंत भांड्यात राहू दे, निघायच्या दोनेक तास आधी उचला. लहान पिल्लू असतं तर एवढा उपास नको, पण चंपी मोठी आहे.

घरी आणल्यावर पहिली रात्र तिला पलंगावर नको, खाली सतरंजीवर, आणि कुणीतरी तिच्याजवळ. हिरड्या गुलाबी हव्यात. बोट दाबून सोडलं की पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. झोपेत श्वास मिनिटाला ३०च्या आत. थोडं कण्हणं, थरथरणं, पाय वाकडे टाकणं चालतं. हिरड्या पांढऱ्या, पट्टीतून टपटप रक्त, पोट फुगणं, यातलं काहीही दिसलं तर पहाटेचे तीन असले तरी फोन. गळ्यातलं प्लास्टिकचं नळकांडं ती मागंल म्हणून काढायचं नाही. दहा मिनिटांत टाके चाटून उघडलेली कुत्री माझ्याकडं परत आलीत.

आणि ते "ऊटा". आपल्याकडं याचा अर्थ सगळ्यांना कळतो, फक्त घरातल्या आजींच्या हिशेबात दूध म्हणजे जेवण नव्हे. "काहीच दिलं नाही हो, कपभर दूध आणि दोन पार्ले तेवढी" हे वाक्य टेबलापाशी ऐकून मी किती ऑपरेशनं पुढं ढकलली असतील! शनिवारी सकाळी दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवा आणि बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर, आजींचा हात पोचणार नाही तिथं.