14 महिन्यांची लेक हाकेला ओ देत नाही. डाउन सिंड्रोममध्ये मेंदूची वाढ थांबते का?

थांबत नाही, दादा. सावकाश होते, आणि काही ठिकाणी जरा वेगळ्या वाटेनं होते. तुम्ही लिहिलंय की लेक 14 महिन्यांची आहे, डाउन सिंड्रोम आहे, हाक मारली तर बघत नाही, अजून एक शब्द नाही, आणि नात्यातलं कुणी म्हणालं की आता हिचा मेंदूच वाढणार नाही. मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडं आमचं गाव, घरी कापूस-तूर. माझ्या मुलालाही डाउन सिंड्रोम आहे, तो आता 7 वर्षांचा आहे.

सगळ्यात आधी कान बघा. आमच्या मुलाची जन्मानंतरची कानाची तपासणी ठीक आली होती, म्हणून आम्ही निर्धास्त. वर्षाचा झाला तरी हाकेला बघेना, तेव्हा एका खासगी दवाखान्यात सांगितलं, ‘ही मुलं अशीच असतात.’ त्या एका वाक्यात आमचे 8 महिने गेले. पुढे बेरा टेस्ट केली, म्हणजे कानात आवाज सोडून तो मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात ती, आणि कान तपासले, तेव्हा कळलं, ऐकू कमी येतंय, दोन्ही पडद्यांमागं पाणी साचलंय. या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, सर्दी झाली की आत पाणी राहतं. कान दुखत नाही, वाहत नाही, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. लेकराला मात्र आपलं बोलणं गोधडीतून आल्यासारखं ऐकू येतं. तेव्हा जन्मावेळचा कागद दाखवून कुणी परत पाठवलं तर कान तपासून घेतल्याशिवाय घरी फिरू नका. थायरॉइडचंही तसंच. पहिल्या वर्षात आणि पुढं दरवर्षी रक्त तपासायचं असतं, कारण ते कमी पडलं की मेंदूच्या वाढीला आणखी एक खीळ बसते. हृदयाचा इको झाला नसेल तर तोही करा. जवळपास निम्म्या मुलांना हृदयाचा दोष असतो.

आता मेंदूचं. 21 नंबरच्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते आणि तिचा परिणाम पोटात असल्यापासूनच होतो. मेंदूचा मागचा भाग, ज्याला लहान मेंदू म्हणतात तो, आणि कपाळामागचा भाग आकारानं थोडे कमी भरतात, पेशींची एकमेकींशी जोडणी हळू होते. पण होते. पहिल्या वर्षांत ती होतच असते, आणि वापरानं पक्की होते. या मुलांना माणसांचे चेहरे आवडतात, समजतं त्यांना बोलण्याच्या कितीतरी पुढं, आणि कानानं ऐकलेलं लक्षात राहण्यापेक्षा डोळ्यानं पाहिलेलं जास्त राहतं. अवघड काय जातं, तर वस्तूवरून माणसाकडं आणि माणसावरून वस्तूकडं नजर फिरवणं. आमचा माझ्याकडं बघून हसायचा, पण हातात खुळखुळा दिला की मी नाहीच.

आमची खरी चूक वेगळीच होती. जिल्हा रुग्णालयातल्या थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, ‘तुम्ही त्याला उत्तर द्यायला वेळच देत नाही. एकदा हाक मारा आणि गप्प बसा.’ पौषातली दुपार होती, सासूबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मुलाला कोपऱ्यात बसवलं, दोन्ही बाजूंनी गोधडीच्या वळकट्या लावल्या. अंग सैल असतं ना, सगळा जीव बसण्यातच गेला तर बघणार कधी? एक शेंग माझ्या गालाशी धरली, म्हणजे तोंड आणि शेंग एकाच नजरेत यावं. एकदा नाव घेतलं आणि मनात आकडे मोजत बसले. चारवर सासूबाई हाक मारायला निघाल्या, मी हातानं थांबवलं. सातवर त्यानं मान वळवली. आधी शेंगेकडं, मग माझ्याकडं. त्याआधी आम्ही तिघं-चौघं मिळून धडाधड हाका मारायचो. त्याचं वळणं निम्म्यात असायचं आणि आमची पुढची हाक त्यावर पडायची.

खुणाही शिकवा. पाणी, अजून, झालं, दे, एवढ्या चार पुरे, पण प्रत्येक वेळी तोंडानं शब्द म्हणतच खूण करायची. सासूबाईंचा विरोध होता, ‘हातानंच मांगाले लागला त मंग तोंडानं कायले बोलन?’ शंका रास्त वाटते, पण खुणांनी बोलणं अडत नाही, उलट जीभ तयार होईपर्यंत लेकराचा वैताग कमी होतो. आमच्याकडं तान्ह्या पोळ्याला शेजारचं पोट्टं लाकडी नंदी ओढत दारावरून गेलं, तेव्हा यानं बोट दाखवलं आणि वळून माझ्याकडं बघितलं. अडीच वर्षांचा होत आला होता. सासूबाईंनी त्या पोट्ट्याला बोलावून तोच नंदी तीनदा दारावरून न्यायला लावला. नंदी दारी आणला की पोरांना बोजारा म्हणून पैसे देतात, बिचाऱ्याचे ते तिथंच वसूल झाले.

कुठं जायचं म्हणाल तर अंगणवाडीत वर्षातून दोनदा डॉक्टरांचं पथक येतं, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, 2013 पासूनचं. त्यांच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे. त्यांच्याकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या. आम्ही महिन्यातून दोनदाच जायचो, एसटीनं, अख्खा दिवस मोडून. बाकी सगळं ओसरीवर. आणि एक, कान ठीक निघाले, तरी दोन वर्षांची होईपर्यंत ती माणसांकडं बघत-हसत नसेल, कुशीत येऊन रमत नसेल, तर स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, तपासणी मागा. दोन्ही असू शकतं, आणि ‘डाउन आहे म्हणून असेल’ असं म्हणून ते सुटून जातं.

बोलेल का, हे शेवटी विचारलंय. पहिला शब्द बऱ्याच मुलांचा दीड-दोन वर्षांनंतर येतो, काहींचा त्याहून बराच उशिरा. आमचा तीन वर्षांचा झाल्यावर ‘दे’ म्हणाला. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो, तीन-चार शब्दांचं वाक्य करतो, परक्याला त्यातलं निम्मंच कळतं. ‘र’ येत नाही. सकाळी पारावरच्या म्हाताऱ्यांना ‘लामलाम’ करत जातो आणि ते ‘रामराम बावा’ म्हणेपर्यंत तिथून हलत नाही.