आजोबांच्या पान्यावरची तारीख

प्रश्न : आजोबांनी पंचगंगेवरून उसाला पाणी आणलं, तेव्हाचा पाईप पाना घरी सापडलाय. गंजलाय, पण दांड्यावर इंग्रजीत ‘पेटंट, १२ ऑक्टोबर १८६९’ अशी अक्षरं लागतात. पाना दीडशे वर्षांचा असेल का? ग्राइंडर मारून चकचकीत करू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी ग्राइंडर बाजूला ठेवा. उद्यमनगरात शिकाऊ असताना मी वस्तादांचा जुना पाना हौसेनं घासून पांढराशुभ्र केला. त्यावरची अक्षरं गेली ती गेलीच. ती आठवण मला अजून टोचते.

तुमच्या पान्यावरची तारीख पाना घडवल्याची नाही, पेटंट मिळाल्याची आहे. त्या दिवशी अमेरिकेत डॅनियल स्टिल्सन यांना पाईप पान्याचं पेटंट मिळालं, क्रमांक ९५७४४. आपले प्लंबर आजही ‘स्टिल्सन पाना’ म्हणतात, तो ह्यांच्याच नावानं. मालकांनी त्यांना सांगितलं होतं म्हणे, की नमुना कर आणि पाईप पिळून तोड, नाहीतर पाना तरी मोडू दे. तुटला तो पाईप.

गंमत त्या वरच्या जबड्यात आहे. तो मुद्दाम सैल बसवलेला असतो. दांडा दाबला की जबडा किंचित कलतो आणि दाते पाईपात रुततात. जितका जोर, तितकी पकड. उलटा फिरवला की सुटतो. म्हणून गुळगुळीत गोल पाईपही त्यात घसरत नाही. दीडशे वर्षांत ह्या मूळ रचनेत फारसं काही बदलावं लागलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता वय. अमेरिकेत तेव्हा पेटंटची मुदत १७ वर्षं, म्हणजे हे १८८६ ला संपलं आणि नंतर तसा पाना कुणीही करू शकत होता. तारखेचे साचे मात्र पुढेही वापरात राहात. १९२७ पासून तिथे तारखेऐवजी क्रमांक घालायचा नियम झाला. तुमच्या पान्यावर नुसती तारीख असेल, तर तो बहुधा त्याआधीचा. एक पडताळा सांगतो : तिथली पेटंटं मंगळवारी निघतात, आणि १२ ऑक्टोबर १८६९ ला मंगळवारच होता. अक्षर नीट लागत नसेल तेव्हा हा वार फार उपयोगी पडतो.

रॉकेलमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी जुन्या टूथब्रशनं हलकेच घासा. मग अक्षरांवर खडू फिरवून फडक्यानं पुसा, खाचेतला खडू राहतो आणि तारीख वाचता येते. नटाला दोन थेंब तेल सोडा. दाते झिजले नसतील, तर परसातल्या नळाला लावून बघा. पाईप आणि वरच्या जबड्याची पाठ यांत थोडी फट ठेवा, म्हणजे तो कलायला जागा राहील.