आय3-2120 काढून आय7 टाकू, की पीसी भंगारात घालू?

तुम्ही लिहिलंय: 2012 चा असेंबल्ड पीसी, आय3-2120 प्रोसेसर, एच61 बोर्ड (सगळे भाग जोडणारा मदरबोर्ड), चार जीबी रॅम, काम टॅलीचं आणि मुलीच्या अभ्यासाचं. आय7 टाकला तर वेग येईल का? आणि शेवटी, 'मित्र म्हणतो भंगारात घाल.' खरं तर त्या शेवटच्या वाक्यामुळेच लिहायला बसलोय.

असा एक मित्र मलाही आहे, फक्त तो बहिणीचा नवरा असल्यामुळे तोडता येत नाही. दाजी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहेत. माझं कराडात लग्नाच्या शूटिंगचं आणि मिक्सिंगचं काम. 2019 च्या भाऊबिजेला ते आले तेव्हा माझ्या पीसीवर एक लग्न एक्सपोर्टला, म्हणजे अंतिम व्हिडिओ फाइल बनवायला, लावलेलं होतं. आय3-2100, तुमच्यासारखाच एच61 बोर्ड, चार-चार जीबीच्या दोन रॅम. तासाभराच्या व्हिडिओला अडीच तास जायचे. दाजींनी करंजी खात खात स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, भंगारवाल्याला हाक मारा. पन्नास हजारात नवीन येतोय." पन्नास हजार! जसं काही खिशातले शेंगदाणेच. ताई हसली, ते जास्त लागलं.

त्याच आठवड्यात रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली, मुंबईत दादरला उतरून ग्रँट रोड, आणि तिथल्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, वापरलेला आय7-3770 सात हजाराला घेतला. गुलाबी स्पंजात गुंडाळून शर्टाच्या खिशातून आणला. घरी येऊन बसवला. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी ठिक्कर. दुकानदाराला फोन केला तर "वापरलेल्या मालाला गॅरंटी नसते साहेब."

चूक माझीच होती. 2100 दुसऱ्या पिढीतला, 3770 तिसऱ्या. सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, दोघांचंही 1155, म्हणजे पत्रिका जुळत होती. पण माझा बोर्ड 2011 चा, त्याच्या बायोसला (बोर्डातला, पीसी सुरू करणारा प्रोग्राम) या नव्या पाहुण्याची ओळखच नव्हती. आधी जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करून घ्यायला हवा होता. आता जुना परत बसवणं आलं. रात्रीचे बारा वाजलेले, हात थरथरत होते, आणि बसवताना एक कोपरा निसटून सॉकेटात टेकला.

पीसी चालू झाला, पण रॅम आठऐवजी चारच दाखवू लागला. रॅम आलटून पालटून बघितल्या, दोन्ही चांगल्या. दुसरा स्लॉटच मेलेला. या सॉकेटात पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरला नाही. सकाळी मोबाईलच्या टॉर्चखाली बघितलं तर सगळ्या पिना एका दिशेला झुकलेल्या, वाऱ्यातल्या शाळूसारख्या, आणि कडेजवळ एकच उलट्या अंगाला लोळलेली. त्या एका पिनेपायी चार जीबी गायब.

शेजारच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करणारे चाचा आहेत. बोर्ड तसाच उचलून त्यांच्याकडे नेला. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, बारीक चिमटा घेतला, मला म्हणाले, "श्वास तिकडं तोंड करून घे." दोन मिनिटांत पीन रांगेत. पैसे विचारले तर आधार कार्ड लॅमिनेट करून मागितलं.

मग पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट. आमच्याकडे वीज कधी जाईल नेम नाही, आणि अर्ध्यात गेली तर बोर्डच गेला, म्हणून आधी यूपीएस तपासून घेतला. 3770 परत लावला, स्क्रीन उजळली, आठ जीबी दिसले. अडीच तासांचं एक्सपोर्ट सव्वा तासावर आलं. दोन लग्नांत सात हजार वसूल. पन्नास हजार वाचले ते वेगळेच!

आता तुमचं. टॅली आणि अभ्यासासाठी आय7 कशाला हवा? आधी 240 जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घाला आणि डीडीआर3 ची आणखी एक चार जीबी रॅम. एच61 चे साटा पोर्ट, जिथं डिस्क जोडतात ते, जुन्या, 3 गिगाबिटच्या वेगाचे आहेत. असू देत, तरी हार्ड डिस्कपेक्षा कैक पटींनी बरं. माझाही पीसी आय7 टाकूनसुद्धा सुरू व्हायला तीन मिनिटं घ्यायचा. संक्रांतीला दाजी फोनवर म्हणाले, "हार्ड डिस्क कोण बदलणार?" मी एसएसडी घातली आणि फरक पडला. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

एवढं करूनही हौस असेल तर आय5-2400 किंवा आय7-2600 घ्या, तुमच्या पिढीचेच आहेत, बायोसचं लफडं नाही. 3770 हवा असेल तर बोर्ड कंपनीच्या साइटवर सीपीयूची यादी बघून मगच पैसे द्या. 2600 हा 95 वॅटचा, तुमचा आय3 65 चा. म्हणजे 2600 जास्त तापतो, तेव्हा आय3 चा बुटका पंखा त्यावर ठेवू नका, प्रोसेसरसोबत कूलर मागून घ्या. 'के'वाल्या (हाताने वेग वाढवता येणाऱ्या) मॉडेलला जास्त पैसे देऊ नका, एच61 वर त्याचा उपयोग नाही. आणि स्वस्त मिळाला म्हणून झिऑन ई3-1230 व्ही2 हा सर्व्हरचा प्रोसेसर उचलू नका, त्यात ग्राफिक्स नसतं; वेगळं कार्ड नसेल तर परत काळी स्क्रीन.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि या पिढीतला कुठलाही प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाही. म्हणून बँकेचे व्यवहार त्यावर करू नका. मी ते फोनवर करतो. दाजींना हा मुद्दा तेव्हा सुचला नव्हता, तो काही त्यांच्या खात्यात जमा धरायचा नाही.

मित्राला एकच विचारा, त्याच्या लॅपटॉपची रॅम वाढवता येते का. गेल्या दिवाळीला दाजी आपला पातळसा लॅपटॉप घेऊन आले, हँग होतोय म्हणाले, जरा रॅम वाढवून दे. मी मागचं झाकण उघडलं तर रॅम बोर्डालाच डकवलेली, स्लॉटच नाही. झाकण लावून परत दिला आणि ताईला म्हटलं, चहा टाक. भंगारवाल्याचं नाव मी काढलं नाही. ताईनेच काढलं.