शाळेच्या मैदानात बोअर कशाला?

प्रश्न : आम्ही इंग्लंडला असतो. मुलाच्या शाळेत गॅस बॉयलर (गॅसवर पाणी तापवून खोल्या उबदार ठेवणारं यंत्र) काढून जमिनीतली ऊब वापरणारा ग्राउंड सोर्स हीट पंप बसवतायत, मैदानभर बोअर मारणं चाललंय. जमिनीतून खरंच एवढी ऊब मिळते का हो?

उत्तर : मिळते की! तिकडे दहा-पंधरा मीटर खाली बारा महिने साधारण 10-12 अंश असतंच, वर बर्फ का पडेना. बोअरमधल्या पाइपातून अँटीफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रव्य) घातलेलं पाणी फिरतं, ते ही ऊब वर आणतं नि पंपाचा कॉम्प्रेसर ती वाढवतो, त्यामुळे 1 युनिट विजेत 3-4 युनिट उष्णता पदरात पडते. मैदानाची काळजी नको, पाइप पुरले की वर परत गवत. खरी गोम वेगळीच, पाणी बॉयलरइतकं कडक तापत नाही, साधारण 35 ते 55 अंशच, म्हणून रेडिएटर (गरम पाण्याने खोली तापवणारे पॅनल) मोठे लागतात आणि खिडक्यांच्या फटी आधी बुजवायला सांगा, नाहीतर वीजबिल बघून शाळा कपाळाला हात लावेल.